आईची गुलबक्षी

आई गेल्यावर तिची साड्यांची ट्रंक आम्ही दोन वर्षं उघडली नव्हती. गेल्या पावसाळ्यात इंदूरला सलग आठवडाभर ऊन पडलं नाही, तेव्हा कसर लागेल या भीतीने मी ती उघडली. आत एकतीस साड्या निघाल्या. त्यांतल्या एकोणीस महेश्वरी. बाबांची बदली मंडलेश्वरला होती तेव्हा आई महेश्वरला विणकरांच्या घरी जाऊन, हातमागाशेजारी बसून साडी निवडायची. आमच्या घरी साडीला कुणी 'गुलाबी' किंवा 'हिरवी' म्हणत नसे. गुलबक्षी, डाळिंबी, अंगुरी, आमरसी, तपकिरी, जांभळी अशी महेश्वरी रंगांची जुनी नावं आईच्या आणि मावशीच्या तोंडी होती. आम्ही तिघी बहिणी ते रंग ओळखतच मोठ्या झालो.

दिवाळीत ताई पुण्याहून आणि धाकटी नागपूरहून येणार, तेव्हा साड्या वाटून घ्यायच्या असं ठरलं. वाटणी व्हायलाच हवी होती, साड्या नेसल्याने टिकतात. पण एकदा त्या तीन घरी गेल्या की आईची ट्रंक अशी एकत्र पुन्हा दिसणार नाही, हे मला खुपत होतं. म्हणून प्रत्येक साडीचा एक फोटो, एका पानावर एक, असा अल्बम करायचा आणि त्याच्या तीन प्रती काढायच्या असं मी मनाशी ठरवलं. त्यात एक अट होती. गुलबक्षी ही गुलबक्षीच दिसली पाहिजे. रंगच चुकला तर त्या अल्बमला काही अर्थ नव्हता.

आधी दोन फोटो बाहेरून छापून आणले. तिथलं यंत्र प्रत्येक फोटो आपोआप 'सुधारून' छापत होतं. त्यामुळे अंगुरी आणि पोपटी या दोन साड्या कागदावर सख्ख्या बहिणी होऊन आल्या. घरात सहा शाईंचा टाकीवाला प्रिंटर होताच: काळी, सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (किरमिजी), पिवळी आणि जोडीला फिकट सायन, फिकट मॅजेंटा. मग घरीच छापायचं ठरलं. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. पहिला मनासारखा प्रिंट हातात यायला सात आठवडे लागले.

पहिला प्रिंट गुलबक्षीचाच काढला. पडद्यावर तो सुरेख दिसत होता. कागदावर आला तो काळपट, वांग्याच्या सालीसारखा. मावशी शेजारीच बसली होती. साडी मांडीवर, कागद हातात. ती म्हणाली, "अगं, ही कुठली गुलबक्षी? हे तर वांगं झालं."

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात, म्हणून सविस्तर सांगते. प्रिंट गडद आला म्हणून फोटो उजळ केला. उजळ केल्यावर तो लालसर वाटला म्हणून मॅजेंटा कमी केला. मग साडी जमली असं वाटलं, पण मागची पांढरी चादर हिरवट झाली. ती सावरायला गेले तर जरीचा काठ राखेसारखा दिसायला लागला. ए-४चे चौदा कागद गेले. आणि पुढची डाळिंबी साडी छापायला घेतली तेव्हा हे सगळे आकडे तिच्यासाठी निरुपयोगी ठरले. चूक नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसताना मी दर वेळी शेवटच्या टोकाला दुरुस्ती करत होते. कॅशमध्ये फरक आला की आम्ही बँकेत पहिल्या व्हाउचरपासून तपासत यायचो. शेवटचा आकडा खोडून बेरीज जुळवायची नाही, हे मी तेहतीस वर्षं केलेलं काम. तेच इथे करायला हवं होतं.

म्हणून मागे गेले आणि फोटो कसे काढले तिथपासून सुरुवात केली.

फोटो काढले होते मधल्या खोलीत, मोबाइलवर, ट्यूबलाइट लावून. मधल्या खोलीच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. एका भिंतीजवळ पांढरा कागद धरला आणि दुसरा गच्चीच्या दाराशी धरला, तेव्हा भिंतीजवळचा कागद चक्क हिरवट दिसला. डोळ्याला हे एरवी कळत नाही, कारण आपला मेंदू पांढऱ्याला पांढरंच मानून चालतो. कॅमेरा असं काही मानत नाही. तो स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो, आणि चौकटभर गुलबक्षी साडी पसरली असेल तर त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे. मग तो गुलाबी कमी करतो. म्हणजे एकाच उजेडात काढलेल्या दोन साड्यांचे रंग दोन वेगळ्या दिशांना सरकलेले असतात.

माझा भाचा इथेच शिकतो, त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे. दोघांनी मिळून सगळे फोटो पुन्हा काढले. वरच्या खोलीची उत्तरेची खिडकी निवडली, कारण तिथून थेट ऊन येत नाही. वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. तिन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी टांगल्या, विजेचा एकही दिवा लावला नाही. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोत एक राखाडी कार्ड ठेवलं, ते मिळतं फोटोग्राफीच्या दुकानात. फोटो रॉ स्वरूपात घेतले, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःचा अंदाज त्यात कायमचा कोरून टाकलेला नसतो. नंतर संगणकावर त्या राखाडी कार्डावर पांढऱ्याचा तोल साधायचा आणि तोच त्या साडीच्या बाकी फोटोंना लावायचा. भाच्याने कॉलेजमधून चोवीस रंगांच्या चौकोनांचं तपासणी कार्डही आणलं होतं. ही कार्डं १९७६ पासून वापरात आहेत आणि त्यातल्या प्रत्येक चौकोनाचा रंग मोजलेला, ठरलेला असतो. त्यावरून त्याच्या कॅमेऱ्याचं वर्तन संगणकाला सांगता आलं.

इतकं करून पुन्हा प्रिंट काढला. हिरवटपणा गेला, काळपटपणा तसाच राहिला.

आता पडदा. काळपट प्रिंटचं सगळ्यांत मोठं कारण तिथे होतं आणि मी ते शेवटपर्यंत प्रिंटरमध्ये शोधत होते. माझा मॉनिटर नव्या दुकानातल्यासारखा पूर्ण उजेडावर होता. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खोलीतला प्रकाश परत फेकतो. पडदा झगझगीत असला की मी फोटो गडद करूनच ठेवणार, आणि कागदावर तो बुडणार. त्यात संध्याकाळी आपोआप सुरू होणारा 'नाइट लाइट' चालू होता, म्हणजे मी रोज सात वाजल्यानंतर पिवळ्या चष्म्यातून रंग ठरवत होते.

भाच्याच्या ओळखीचे एक लग्नाचे फोटोग्राफर आहेत. त्यांनी दोन दिवसांसाठी कॅलिब्रेटर दिला, मुठीएवढं यंत्र, ते पडद्यावर टांगायचं. डिस्प्लेकॅल हा मोफत प्रोग्रॅम पडद्यावर एकेक रंग दाखवतो आणि ते यंत्र तो मोजतं. माझ्या पडद्याचा उजेड २७०च्या वर निघाला, मोजमाप कँडेला प्रति चौरस मीटर. छपाईसाठी ८० ते १२० पुरतो. मी १०० ठरवला, पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन, आणि मधल्या छटांचा उजेड ठरवणारा गॅमा २.२. पहिल्या दिवशी पडदा मला आजारी वाटला, इतका मंद आणि पिवळट. तिसऱ्या दिवशी सवय झाली. आणि पहिल्यांदाच कागद व पडदा शेजारी धरले तेव्हा दोघांचा उजेड एका माळेतला वाटला. ज्यांना असं यंत्र मिळणं शक्य नसेल त्यांनी एवढं तरी करावं: पडद्यावर कोरं पांढरं पान उघडावं, शेजारी छपाईचा कोरा कागद खोलीच्या उजेडात धरावा, आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडदा मंद करत जावा.

काळपटपणा गेला, पण आता उरलेलं दिसू लागलं. सगळ्या प्रिंटवर किरमिजी झाक होती. साडीवर ती लपत होती, चादरीवर लपत नव्हती.

इथे मी एक साधी पट्टी बनवली आणि पुढे सगळ्या तपासण्या तिच्यावरच केल्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या एकवीस पायऱ्या, बस. डोळा रंगीत साडीतली चूक माफ करतो, राखाडीतली करत नाही. राखाडीत रंग दिसला म्हणजे साखळीत कुठेतरी खोट आहे, हे नक्की. कागदही वाचतो, कारण ही पट्टी दोन बोटं रुंद पुरते आणि एका ए-४वर आठ-दहा वेळा छापता येते.

नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान, काढलं तर फिकट मॅजेंटाच्या रेघा दोन ठिकाणी तुटलेल्या होत्या. एकदा सफाई केली, भरल्या. (सफाई पुन्हा पुन्हा करू नये, त्यात शाई बरीच जाते.) कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये) 'साधा' असा राहिला होता, तो ग्लॉसी केला. झाक कमी झाली, गेली नाही.

मग दोन रात्री वाचण्यात गेल्या आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कळली.

फोटोत रंग नसतात, आकडे असतात. लाल १९०, हिरवा ३०, निळा ११०, असे. हे आकडे माझा पडदा एका तऱ्हेने वाचतो, भाच्याचा लॅपटॉप दुसऱ्या आणि प्रिंटर तिसऱ्या. पूर्वी गावागावचा शेर वेगळा असायचा, तसं. आमच्याकडचा एक शेर आणि तुमच्याकडचा एक शेर यांत किती धान्य, हे आकड्यावरून कळत नाही. सगळ्यांना समजेल असं एक माप लागतं आणि 'या गावच्या शेराचे त्या मापात इतके' असं कोष्टक लागतं. रंगांसाठी ते समाईक माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे, त्याचा पाया १९३१ साली घातला गेला. आणि हे कोष्टक म्हणजे प्रोफाइल. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम (आयसीसी) या संस्थेने त्याचा नमुना ठरवून दिला, म्हणून एका कंपनीचा पडदा आणि दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर एकमेकांचं ऐकू शकतात. कॅमेऱ्याचं एक प्रोफाइल, पडद्याचं एक, आणि प्रिंटरचं मात्र एक नव्हे. प्रत्येक कागदाचं वेगळं, कारण तीच शाई वेगळ्या कागदावर वेगळी दिसते.

आता माझी चूक. फोटोशॉपमधून छापताना 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं होतं, म्हणजे कोष्टक पाहून आकडे बदलायचं काम त्याने केलं. ते आकडे प्रिंटरकडे गेले, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही रंगसुधारणा चालूच होती. त्याने ते आधीच बदललेले आकडे पुन्हा बदलले. एकाच आमटीत दोघींनी मीठ घातलं होतं. या दुहेरी बदलाची खूण बहुतेक वेळा हीच असते, किरमिजी झाक. ड्रायव्हरच्या आतल्या पानावर 'नो कलर ॲडजस्टमेंट' असा पर्याय आहे. तो निवडला, राखाडी पट्टी छापली. पट्टी पाहून मी मावशीला हाक मारली. तिला त्या राखाडी पट्टीत इतकं काय हे कळलं नाही, पण मला झालेला आनंद तिला कळला.

जवळजवळ राखाडी, असं म्हणायला हवं. गडद टोकाला अजून किंचित हिरवं होतं.

त्याचं कारण माझ्याच टाक्यांत होतं. मागच्या वर्षी काळी आणि मॅजेंटा शाई संपली तेव्हा मी स्वस्तातली, 'सगळ्यांना चालणारी' बाटली भरली होती. पत्र छापायला ती चालतेच. पण मी कागद बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून जे प्रोफाइल उतरवलं होतं ते प्रिंटर कंपनीच्या मूळ शाईसाठी मोजलेलं. मापच दुसऱ्या शाईचं. माझं मत विचाराल तर अल्बमसाठी छापायचं असेल तर शाईत बचत करू नये. स्वस्त शाईसाठी स्वतःचं प्रोफाइल बनवता येतं, पण पुढची बाटली आधीच्या बाटलीसारखीच निघेल याची खात्री कोण देणार? मी त्या दोन टाक्या वापरून उतरवल्या (कॉलनीतल्या मुलांची सगळी प्रोजेक्टं त्या पंधरवड्यात माझ्याकडे छापली गेली), मूळ शाई भरली आणि नळ्यांतली जुनी शाई निघून जाईपर्यंत रंगीत पानं काढली.

त्यानंतर कागद. बाजारात चकचकीत कागदांमध्ये जो सर्वांत पांढराशुभ्र दिसतो तो घ्यावासा वाटतो. मी घरी आणून त्यावर बँकेतल्या सवयीने नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला. कागद निळा पेटला. खऱ्या नोटेचा कागद या दिव्याखाली असा पेटत नाही, साधा बाजारी कागद पेटतो, कारण त्यात कपडे धुण्याच्या पावडरीत असतात तसली उजाळा देणारी द्रव्यं घातलेली असतात. ती खिडकीच्या उजेडातले अतिनील किरण घेऊन निळा उजेड परत देतात. म्हणजे खिडकीत कागद निळसर पांढरा आणि रात्री एलईडीखाली, जिथे अतिनील जवळपास नसतं, तिथे तोच कागद पिवळट. शिवाय ही द्रव्यं वर्षांनुवर्षांत निकामी होत जातात, मग कागद कायमचाच पिवळा दिसतो. तीन-चार प्रकारचे कागद दिव्याखाली धरून पाहिले आणि सर्वांत कमी पेटणारा, अर्धवट चकाकीचा निवडला. बाकीच्यांशेजारी तो किंचित सायीच्या रंगाचा दिसतो. एकटा पाहिला की पांढराच.

त्या कागदाचं तयार प्रोफाइल बरं होतं, पण मला आणखी नेमकं हवं होतं. एका छापखान्यात काम करणारे आमचे जुने खातेदार आहेत, त्यांच्याकडे रंग मोजायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. त्यासाठी ९१८ रंगीत चौकोनांचा तक्ता छापायचा, तोही सगळ्या रंगसुधारणा बंद ठेवून, कारण प्रिंटर न सावरता कसा वागतो तेच मोजायचं असतं. तक्ता छापून चोवीस तास तसाच ठेवला. शाई हाताला लगेच कोरडी लागते, रंग मात्र बसायला वेळ घेतो, आणि पावसाळ्यात मी तर दीड दिवस थांबले. मग त्यांनी एकेक ओळीवरून ते यंत्र पट्टीच्या आधाराने हळूहळू सरकवलं. वेग चुकला की ओळ पुन्हा. तासाभरात माझ्या प्रिंटरचं, माझ्या शाईचं, माझ्या कागदाचं कोष्टक तयार झालं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्याकडे सराफा बाजारातल्या खाऊची पुडी पोचवून आले.

घरी येऊन गुलबक्षी छापली. रात्रभर ठेवली. सकाळी वरच्या खोलीत खिडकीपाशी मावशीच्या मांडीवर साडी उलगडली आणि शेजारी प्रिंट ठेवला. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग कागदावरून बोट फिरवलं, साडीवरून फिरवलं, आणि म्हणाली, "ही मुंजीतली." म्हणजे माझ्या भावाच्या मुंजीत आईने नेसलेली. भाऊ लहानपणीच गेला. त्या मुंजीचा एकही रंगीत फोटो घरात नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मावशीने खालच्या दिवाणखान्यात तोच प्रिंट आणि तीच साडी पाहिली आणि म्हणाली, "आता नाही जुळत." खरंच जुळत नव्हतं. कागद फिका, साडी जास्त लाल. शाई आणि साडीचा रंग ही दोन वेगळी द्रव्यं. एका उजेडात दोन्ही डोळ्याला सारखी दिसतील अशी जुळवता येतात, उजेड बदलला की ती जुळणी सुटू शकते. स्वस्त एलईडी दिव्यांत गडद लाल फारच कमी असतो, त्यामुळे साड्यांच्या दुकानात बायका साडी घेऊन दारापर्यंत येतात ते अगदी योग्य आहे. छापखान्यात रंग तपासायला ५००० केल्व्हिनचा ठरलेला उजेड असतो. आम्ही ठरवलं की हा अल्बम दिवसा खिडकीत बघायचा, आणि सगळी जुळणी त्याच उजेडात करायची. दिवाणखान्यातला एक दिवा बदलून रंग खरे दाखवणारा, सीआरआय या मोजमापात नव्वदच्या वरचा लावला. फरक पुष्कळ कमी झाला.

मावशीच्या डोळ्यांबद्दलही सांगायला हवं. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. एकदा आमरसी साडी बघताना ती एकेक डोळा झाकून पाहायला लागली. डाव्याने तिला सगळं जुन्या चहासारखं दिसतं, उजव्याने निळं जास्त दिसतं. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळी पडते, आणि नवी भिंग बसली की अडवलेला निळा परत आत येतो. आमरसी तिला डाव्या डोळ्याने तंतोतंत जुळलेली दिसत होती आणि उजव्याने कागद किंचित थंड. मला दोन्हींच्या मधलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यंत्राने शून्य फरक मोजला तरी दोन माणसांना तो शून्य दिसेलच असं नाही. मी शेवटचा शब्द तिचाच मानला. आईबरोबर त्या साड्या निवडायला तीच बसलेली होती.

उरलेल्या तीस साड्यांपैकी बहुतेक आता सरळ जमल्या. फोटोशॉपमध्ये छापण्याआधीच कागदावर कसं दिसेल ते पडद्यावर बघता येतं, सॉफ्ट प्रूफ. त्यासाठी तेच प्रोफाइल लावायचं. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आणि 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' या जोडीने छापलं की शाईच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे येतात आणि आवाक्याबाहेरचे तेवढे काठाशी आणून बसवले जातात. फोटो अडोबी आरजीबी या रंगांच्या मोठ्या भांड्यात ठेवले होते, कारण नेहमीचं एसआरजीबी हे लहान भांडं आहे. हिरव्या-निळ्याकडचे काही रंग शाईला जमतात, पण त्या भांड्यात मावत नाहीत. अंगुरीला त्याचा फायदा झाला.

जरी छापता येत नाही. शाईत सोनं नसतं, तिथे फक्त पिवळट तपकिरी येतं. डोळ्याला सोनं वाटतं ते तपकिरीशेजारी अचानक चमकणाऱ्या ठिपक्यामुळे. म्हणून काठाचे फोटो पुन्हा काढले, साडी खिडकीला थोडी तिरकी धरून, म्हणजे जरीच्या काही तारा चमकतील आणि काही नाही. रंगात काहीच बदल न करता काठ सोनेरी दिसायला लागला.

धूपछाव साडीने मात्र सगळ्यांत जास्त दिवस घेतले. तिचा उभा धागा रेशमाचा, डाळिंबी, आणि आडवा सुताचा, हिरवा. नेसलेली बाई हलली की रंग बदलतो. कागद हलला तरी एकाच रंगाचा राहतो. भाच्याने पंधरा फोटो काढले, प्रत्येक खरा होता आणि एकही ती साडी नव्हता. शेवटी मावशीच म्हणाली, "दोन लाव. एक उन्हाकडून, एक सावलीकडून." समोरासमोरच्या दोन पानांवर दोन फोटो लावले. अल्बम अर्धवट मिटताना एकातून दुसऱ्यात नजर जाते.

आणि नीलांबरी. गडद, भरलेला निळा. पडद्यावर निळा, कागदावर जांभळट, कितीही केलं तरी. असा गर्द निळा शाईला सायन आणि मॅजेंटा मिसळूनच करावा लागतो, आणि आवाक्याबाहेरचा निळा आत ओढताना तो जांभळ्याकडे घसरतो. 'पर्सेप्च्युअल' ही छपाईची दुसरी पद्धत वापरून पाहिली, जांभळेपणा कमी झाला पण साडी धुतल्यासारखी फिकट. फक्त निळा किंचित सायनकडे वळवून आणि पुन्हा पुन्हा पट्ट्या छापून जे जमलं ते चांगलं आहे, पण नीलांबरी नाही. मी ते तसंच ठेवलं आणि पदराच्या गोंड्यातले सुटलेले दोन धागे पानाच्या कोपऱ्यात शिवून टाकले, तिन्ही प्रतींमध्ये. खरा निळा हवा असेल तर तो तिथे आहे.

तिसरी प्रत धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पुरी झाली. दोघी बहिणी आल्या, साड्या वाटल्या गेल्या, फारसं कुणी बोललं नाही. गुलबक्षी धाकटीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीत खिडकीपाशी मावशीने तिन्ही अल्बम पुढ्यात घेतले आणि पेनाने प्रत्येक पानाखाली रंगाचं नाव लिहायला सुरुवात केली. आमरसीच्या पानाखाली मी पेन्सिलीने 'केशरी' लिहून ठेवलं होतं. तिने ते खोडलं, वर ठळक अक्षरांत 'आमरसी' लिहिलं, आणि उजेड कमी पडतोय म्हणून खिडकीकडे आणखी सरकून बसली.